शंभरपैकी चौतीस

शिवगंगाबाई मुगळी पाठ बघायला येणार म्हटलं की मुलींना आदल्या दिवसापासून जेवण जायचं नाही. बाई उंच, आवाज खणखणीत आणि हातात लाल शाईचं पेन. कोल्हापुरात मंगळवार पेठेत सायकलच्या दुकानावरच्या माडीवर एका संस्थेचा बालवाडी शिक्षिकांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चाले. तिथं बाई चौदा वर्षं शिकवत होत्या. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलीनं खऱ्या बालवाडीत, खऱ्या मुलांसमोर चाळीस मिनिटं शिकवायचं आणि बाईंनी मागं खुर्ची टाकून शंभरपैकी गुण द्यायचे. पन्नासाच्या खाली गेली ती नापास. बाईंनी आजवर वशिल्यानं कुणाला एक गुण दिला नव्हता की रागानं कुणाचा एक कापला नव्हता. तसं त्या छातीठोकपणे सांगत, आणि ते खरंही होतं. म्हणून तर पुढं जे झालं ते त्यांना एवढं झोंबलं.

१९९४ सालचा मार्च. ऊन चढायच्या आत बाई एस.टी.नं कबनूरला उतरल्या. त्या दिवशी पाठ होता तानाबाई गावडेचा. तानाबाई एकतीस वर्षांची, मूळची चंदगडकडची. नवरा यंत्रमागावर कामाला लागला तशी दहा वर्षांपूर्वी तीही इकडं आली. गावातल्या महिला मंडळाची बालवाडी ती दोन वर्षं सांभाळत होती. मग वरून नियम आला की बालवाडीवर शिक्षण झालेलीच बाई पाहिजे. तेव्हापासून ती सकाळी पोरं सांभाळून दुपारी कोल्हापूर गाठत होती आणि आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी बसून वही भरत होती.

बालवाडी म्हणजे समाजमंदिराची एक खोली. दोन्ही बाजूंना मागाचे कारखाने. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत असायची. तानाबाईनं टाचण बाईंच्या हातात दिलं. शिकवायचं काय, कोणत्या क्रमानं, ते त्या कागदावर आधी लिहून द्यावं लागे. ‘रंग : लाल, पिवळा, निळा. तक्त्याच्या साहाय्याने.’

तिनं तक्ता भिंतीला टांगला. मागांच्या हादऱ्यानं तो पडला. पोरं हसली. तिनं परत टांगला, परत पडला. तिसऱ्यांदा तिनं तक्ता उचलून कोपऱ्यात उभा केला आणि दाराआडचं एक पोतं ओढून खोलीच्या मधोमध रिकामं केलं. आत सगळ्या कांड्या. धोट्यात सूत गुंडाळून घालायची ती नळकांडी. सूत संपलं की कारखान्याबाहेर ढीग पडतो. कुठं लाल धागा चिकटलेला, कुठं पिवळा, कुठं निळा.

एकतीस पोरं त्या ढिगावर तुटून पडली. मग जो गोंधळ उडाला, तो बाईंनी चौदा वर्षांत पाहिला नव्हता. कोण लाल वेचतंय, कोण निळ्या कांड्यांची रेल्वे करतंय, दोघं एका कांडीवरून भांडतायत. तानाबाई गुडघ्यावर बसून या टोकाचं त्या टोकाला सरकत होती. “केंपु कुठं हाय? केंपु म्हंजे लाल. आन् लाल म्हंजे केंपु!” कबनुरात मागावर कामाला कर्नाटकातनं आलेली बरीच घरं. त्यांची पोरं कन्नड बोलायची, आणि तानाबाई त्यांच्याकडूनच चार शब्द शिकली होती.

बाईंचं लाल पेन थांबत नव्हतं. वर्गनियंत्रण : विसापैकी एक. फलकलेखन : शून्य. साहित्य : तक्ता पडला, कचरा वापरला. भाषा : कन्नड शब्दांची सरमिसळ, ‘मी आलो’ असे बोलणे, लिंगदोष. तिकडच्या बाया ‘मी आले’ म्हणत नाहीत, ‘मी आलो’ म्हणतात, हे बाईंना काय ठाऊक नव्हतं होय? त्या स्वतः गडहिंग्लजकडच्या, लिंगायत घरातल्या. घरात आजही कन्नडच. पहिलीत ‘पाणी’ऐवजी ‘नीरु’ मागितलं म्हणून त्यांनी हातावर छडी खाल्ली होती, आणि त्या दिवसापासून वर्गाच्या उंबऱ्याच्या आत कन्नडचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता. ‘केंपु’च्या खाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

एकूण चौतीस.

मे महिन्यात निकाल लागला. दुसऱ्याच दिवशी तानाबाई माडीचा जिना चढून शिक्षकांच्या खोलीत आली आणि गुणपत्रक बाईंच्या टेबलावर ठेवून उभी राहिली.

“चौतीस?”

“चौतीस,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “टाचणाप्रमाणं पाठ झाला नाही. वर्ग ताब्यात नव्हता.”

“ताब्यात न्हवता, व्हय. पोरं कामात हुती.”

“तानाबाई, मला शिकवू नकोस.”

“न्हाई शिकवत. एकच इचारतो. त्या दिशी बारकी इद्याश्री काय करत हुती, तेवढं सांगा.”

“कोण विद्याश्री?”

“हां. त्येच म्हंतो मी.” तानाबाईचा आवाज चढला. दारात दोन मुली येऊन थांबल्या. “चाळीस मिंटं तुमी माज्याकडं बघितलासा, बाई. माजं हात, माजं तोंड, माजा तक्ता. पोरांच्याकडं एकदा बघितला न्हाईसा. आन् परीक्षा कशाची म्हणं, तर पोरांस्नी शिकवायची!”

गुणपत्रक तिथंच टाकून ती जिना उतरून गेली.

बाईंचा असा पाणउतारा आजवर कुणी केला नव्हता. त्या दिवशी त्यांनी शिपायाला झाडलं, चहावाल्याला झाडलं, घरी भावजयीनं कशाला तोंड पाडलंय विचारलं तर तिलाही झाडलं. संध्याकाळी त्यांनी निरीक्षणाची वही काढली. विद्याश्री म्हणजे कोण, ते शोधून त्या उद्धट बाईच्या तोंडावर मारायचं होतं.

वहीत चार पानं तानाबाई होती. तानाबाईनं हे केलं, तानाबाई असं म्हणाली, तानाबाईचा पदर, तानाबाईचा उच्चार. मुलांबद्दल एक ओळ : ‘मुले ३१. गोंगाट.’

त्यांनी मागची पानं उलटली. त्याच वर्षी शांभवी नावाच्या मुलीला त्यांनी अठ्ठ्याऐंशी गुण दिले होते. वर्षातले सगळ्यांत जास्त. तिच्याही पाठाची चार पानं. अक्षर सुबक, आवाज स्पष्ट, तक्ता रंगीत. मुलांबद्दल एक ओळ : ‘मुले २४. शांत.’

वही फाटकन मिटली त्यांनी. पण राग अजून तानाबाईवरच होता. माणूस बरोबर बोललं की जास्त राग येतो, तसला.

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि बाई न कळवता कबनूरला गेल्या. त्या पोरांना रंग येत नाहीत हे स्वतः बघायचं, आणि मग तानाबाईच्या घरी जाऊन ते तिला ऐकवायचं, असा त्यांचा बेत होता. समाजमंदिराच्या दारात त्यांना शांभवी भेटली. तानाबाई नापास झाली म्हणून महिला मंडळानं बालवाडी हिच्याकडं दिलेली. शांभवीला केवढा आनंद झाला! “बाई, या ना! बघा, तुम्ही शिकवलंत अगदी तसंच चाललंय.”

तसंच चाललं होतं. तक्ता चार खिळे ठोकून भिंतीत पक्का बसवलेला. पोरं रांगेत, हाताची घडी, तोंडावर बोट. मोजली तर चौदा.

“बाकीची कुठं आहेत?”

“येत नाहीत, बाई. वळण नाही त्यांना.”

बाकीची बाहेर गल्लीत गटारीच्या कडेला खेळत होती; येताना बाईंनीच ती पाहिली होती. शांभवीनं पट्टी तक्त्यावर ठेवली. चौदा तोंडांतून एका दमात निघालं, “लाल, पिवळा, निळा!” बाईंनी पट्टी मागून घेतली आणि आधी निळ्यावर ठेवली. पोरं म्हणाली, “लाल, पिवळा, निळा!” पिवळ्यावर ठेवली. “लाल, पिवळा, निळा!”

पुढच्याच रांगेत एक किरकोळ अंगाची मुलगी बसली होती, वेणीला लाल फीत. बाई तिच्यासमोर वाकल्या, फितीला बोट लावलं. “हा रंग कुठला गं?”

मुलगी शांभवीकडं बघायला लागली. मग खाली बघत, ऐकू येईल न येईल असं म्हणाली, “केंपु.”

“तिला नका विचारू, बाई,” शांभवी घाईनं म्हणाली. “ही विद्याश्री. कन्नड आहे. तिला काहीच येत नाही.”

“ती लाल म्हणाली.”

“नाही बाई, केंपु म्हणाली.”

“लालच म्हणाली ती!” बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की चौदाच्या चौदा पोरांनी अंग चोरलं. शांभवीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं काय चुकलं हे त्या बिचारीला कळेना. आणि कळावं तरी कसं? ज्या शब्दाखाली बाईंनी स्वतः लाल शाईच्या दोन रेघा मारल्या होत्या, तोच तो शब्द. शांभवी बाईंचीच अठ्ठ्याऐंशी गुणांची विद्यार्थिनी होती. बाईंनी घडवलेली, बाईंनी नावाजलेली. ओरडायचं होतं ते स्वतःवर, आणि ओरडल्या पोरीवर. बाहेर पडल्यावर त्यांना स्वतःची इतकी चीड आली की त्या स्टँडकडं जायचं सोडून उलट्या दिशेनं चालत सुटल्या.

विचारत विचारत त्या तानाबाईच्या कामावर पोचल्या. पत्र्याच्या शेडमध्ये ती कांडी मशीनवर सूत भरत होती. केसांवर, भुवयांवर कापसाची भुरी. तिनं मशीन बंद केलं नाही.

“कशाला आलासा?”

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या. आवाजात त्यांना ओरडूनच सांगावं लागलं. “ऐकलंस का? चुकलं! मी गुण चुकीचे दिले. मी संस्थेत भांडते. तुझी परत परीक्षा घ्यायला लावते.”

“लावा की. मी देनार न्हाई.”

“का?”

तानाबाईनं मशीन थांबवलं. “का म्हंजे? तुमचं मन खातंय म्हणून मी परत उभी ऱ्हाऊ? वरीसभर पोरगी शेजारणीकडं ठेवून येत हुतो कोल्लापुरास. बालवाडी गेली माजी. पोरं गल्लीत हिंडत्यात. आन् तुमी येतासा, ‘चुकलं’ म्हंतासा, आन् मी टाचण लिवायला बसायचं? तुमास्नी तरी येतंय का ओ शिकवायला?”

“काय?”

“शेवटचं कवा शिकवलासा बारक्या पोरांस्नी?”

चौदा वर्षं त्यांनी शिकवणाऱ्यांना शिकवलं होतं. तीन-चार वर्षांच्या पोरांसमोर त्या एकदाही बसल्या नव्हत्या.

“आदी तुमी शिकवा,” तानाबाई म्हणाली. “मी मागं बसतो. वही माज्या हातात. मग बघू परीक्षंचं.”

दुसरी कोण असती तर तोंड फिरवून निघून गेली असती. बाईंच्या मनातही तेच आलं. पण त्यांचा राग आता अशा ठिकाणी पोचला होता की त्यात स्वतःला सूट देणं बसत नव्हतं. “कधी?” त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात, मागांना सुट्टी होती त्या दिवशी, समाजमंदिराच्या ओट्यावर तो पाठ झाला. माग बंद असल्यानं आया मोकळ्या होत्या. कोल्हापूरची मोठी बाई शिकवणार म्हणून वीस-पंचवीस जणी भिंतीला टेकून बसल्या. पोरं पंचवीसेक. बाईंनी खरी फळं आणली होती : आंबा, केळं, पेरू, डाळिंब. टाचण चार वेळा लिहून काढलं होतं. तानाबाई मागं मांडी घालून बसली, मांडीवर वही.

“बाळांनो, हे काय आहे?”

“आंबा!”

“शाब्बास. आंबा कसा आहे?”

“खायाचा हाय!”

बाया फिदीफिदी हसल्या. बाईंनी रंग विचारला, आकार विचारला. पोरांची नजर फळांवरून हलेना. एकानं हात पुढं केला. “आधी सांगायचं, मग घ्यायचं,” बाई म्हणाल्या. पाच मिनिटांत मागची दोन उठून गेली. मग आणखी चार. एक बारकं पोर “अव्वा बेकु, अव्वा बेकु” करत भोकाड पसरून रडायला लागलं. त्याला आई हवी होती. “शांत बस, बाळ,” बाई म्हणाल्या. ते अजून जोरात रडलं. बाईंचा आवाज चढला, चढत गेला, आणि शेवटी त्यांनी फरशीवर थाड्‌कन हात आपटला. ओटा गप्प झाला. पुढं बसलेल्या एका पोराच्या चड्डीखालून ओल पसरली.

बाई उठल्या. “झालं,” म्हणाल्या. सतरा मिनिटं झाली होती.

बाया उठून गेल्यावर तानाबाईनं वही उघडली आणि बोट ठेवून ठेवून वाचलं. “संतू : केळ्याकडं बघत हुता. त्यानं सकाळपास्नं खाल्लं न्हाई. राणी : दोनदा ‘डाळिंब’ म्हटली, बाईनं ऐकलं न्हाई. इद्याश्री : पेरूचा वास घेत हुती, बाईनं काडून घेतला. इरुपाक्ष : अव्वा पायजे म्हटला.” इथं तिनं मान वर केली. “ह्ये तुमास्नी कळलं, बाई. तुमच्या तोंडावर दिसलं मला. तुमची भाषाच हाय ती. दोन शब्द त्याच्या भाषेत बोलला असतासा तर गप झालं असतं पोरगं. का बोलला न्हाईसा?”

बाईंना छडीची ती जुनी गोष्ट सांगता आली असती. त्यांनी सांगितली नाही. सबब वाटली ती त्यांना.

“गुण किती?” त्यांनी विचारलं.

“चौतीसच देनार हुतो. पर तुमी सतराच मिंटं शिकवलासा.” तानाबाईनं वही मिटली. “सतरा.”

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. “परीक्षा देतो मी,” ती म्हणाली. “पर बघायला तुमी न्हाई.”

मग संस्थेत जुंपली. सचिव गणपतराव, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस स्वच्छ, पण कागदाला देव मानणारा. बाईंचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

“तुम्ही चुकलात असं लेखी देताय?”

“देतेय. सही आहे खाली.”

“शिवगंगाबाई, हे कागदावर आलं तर चौदा वर्षांचे निकाल उद्या कोणीही उकरून काढेल.”

“काढू दे. काढायलाच पाहिजेत. ज्या तक्त्यावर आपण गुण देतो, तो डी.एड.वरनं उतरवून घेतलेला आहे. तीन वर्षांच्या पोराला वाचता येत नाही, आणि त्याच्या बाईला फलकलेखनाला दहा गुण! लाज नाही वाटत आपल्याला?”

“आवाज खाली ठेवा.”

“नाही ठेवत. चौदा वर्षं मुलींचाच आवाज खाली ठेवत आले मी.”

गणपतरावांनी अर्ज फायलीत लावला आणि विसरले. तेव्हा बाईंनी सहामाहीच्या एकाही गुणपत्रकावर सही केली नाही. दिवाळी गेली, डिसेंबर गेला. मुलींचे पालक माडीवर येऊन बोलायला लागले. सहकारी बायांनी बाईंशी बोलणं टाकलं, एकीनं तोंडावर सांगितलं, “तुमच्या एका तानाबाईपायी आमच्या पोरींचा खोळंबा.” बाईंना ते लागलं, कारण त्यात खोटं नव्हतं. पण सही केली नाही. शेवटी जानेवारीत गणपतराव नमले. तानाबाईचा पाठ परत घ्यायचा ठरला, आणि बघायला जयसिंगपूरहून बाहेरची परीक्षक बाई.

निकाल आला : एकाहत्तर. बाई पेढे घेऊन कबनूरला निघाल्या. निकालाबरोबर आलेली परीक्षक बाईंची वही त्यांनी वाटेत उघडून बघितली, आणि एस.टी.तच त्यांचा चेहरा काळवंडला. ‘तक्ता सुबक. मुले शांत, हाताची घडी. भाषा शुद्ध. टाचणाप्रमाणे पाठ.’

“हे काय केलंस तू?” दारातूनच त्यांनी विचारलं. “कांड्या कुठं गेल्या? ती पोरं कुठं गेली? मी सहा महिने भांडले ते यासाठी?”

“मला कागद पायजे हुता, बाई.” तानाबाई भाकरी थापत होती; हात थांबला नाही. “तुमच्या लोकास्नी काय आवडतंय ते तुमीच शिकवलासा की वरीसभर. कागद घेतलो. आता शिकवतो माज्या परीनं.”

“मग माझं भांडण फुकट गेलं म्हण.”

“तुमी माज्यासाटी भांडलासा व्हय? मला वाटलं, स्वतःसाटी.”

पेढ्यांचा पुडा चुलीशेजारी ठेवून बाई परत फिरल्या. तिचा राग आला, आणि ती खोटं काहीच बोलली नाही म्हणून जास्तच आला. पण त्या राग-रागातच एक गोष्ट त्यांच्या डोक्यात लख्ख झाली. दोष एका चौतिसाचा नव्हता. त्या गुणांच्या तक्त्यावर चांगली बाई पास व्हायची असेल तर तिला आधी वाईट शिकवावं लागत होतं.

मग त्या शांभवीकडं गेल्या आणि तिची माफी मागितली. “अठ्ठ्याऐंशी मी दिले. चूक माझी, तुझी नाही.” शांभवी रडली, मग चिडली. “मग आता मी काय करू? मला दुसरं काही येतच नाही!” बाई म्हणाल्या, “मलाही येत नाही. बघ, सतरा गुण आहेत मला.” त्यानंतर वर्षभर दर गुरुवारी बाई कबनूरला जात, शांभवीच्या वर्गात जमिनीवर बसत आणि फक्त पोरं काय करतात ते लिहीत. कोण कुणाशी बोललं, कोण कशाला हसलं, कुणाला तासभर कुणी हाक मारली नाही. लाल पेन त्यांनी टाकून दिलं नव्हतं. शाई संपेपर्यंत त्याच पेनानं लिहिलं. पहिल्या गुरुवारी त्या विरुपाक्षाशी कन्नडमध्ये बोलल्या तेव्हा शांभवी तोंड वासून बघत राहिली. वर्ष संपता संपता चौदाची सव्वीस पोरं झाली.

तानाबाईला शहाण्णव साली दुसऱ्या वस्तीतली अंगणवाडी मिळाली. बाई तिथं कधी कधी जात. दोघींची मैत्री झाली, असं म्हणता यायचं नाही. तानाबाई त्यांना चहा द्यायची, आणि जाताना हमखास एखादं टोचून बोलायची.

इकडं बाईंनी गुणांचा तक्ता बदलायची लढाई सुरू केली. दरवर्षी पत्र. दरवर्षी बैठकीत तोच विषय. परीक्षकानं वर्षातून एकदा स्वतः लहान मुलांना शिकवून दाखवावं, असाही ठराव त्यांनी मांडला. तो सगळ्यांनी हसण्यावारी नेला. दोन हजार साली त्यांचं नाव परीक्षकांच्या यादीतून वगळलं. कारण दिलं : ‘सहकार्याचा अभाव’. बाईंनी ते पत्र शिक्षकांच्या खोलीच्या दाराला चिकटवून ठेवलं. दोन वर्षांनी परीक्षक कमी पडले तेव्हा त्यांना परत बोलवावं लागलं.

२००३ साली गुणांचा नवा तक्ता छापून आला. गणपतराव तेव्हा थकले होते, काठी टेकत माडीवर आले आणि कागद बाईंच्या पुढं ठेवला. “घ्या. जिंकलात तुम्ही. तुमचा रकाना घातला.”

बाईंनी वाचलं. प्रस्तावना दहा, फलकलेखन दहा, साहित्य पंधरा, वर्गनियंत्रण वीस… सगळं जिथल्या तिथं. अगदी तळाला, बारीक टायपात : ‘मुलांचा सहभाग : ५’.

“पाच?” त्या म्हणाल्या. “पंच्याण्णव बाईला आणि पाच पोरांना?”

“दहा वर्षांपूर्वी शून्य होते, शिवगंगाबाई.”

“म्हणून नाचू का मी?” खाली सायकलच्या दुकानातला ठोकण्याचा आवाज क्षणभर थांबला. “वीस गुण पोरं गप्प बसवल्याचे आणि पाच गुण त्यांनी तोंड उघडल्याचे! हा तक्ता केला कुणी? त्याला एक दिवस पंचवीस पोरांत नेऊन बसवा. मी येते बरोबर.”

गणपतराव काठी टेकत उतरून गेले. त्यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडं बघून बाईंना क्षणभर वाईट वाटलं. पण क्षणभरच.

त्या वर्षी बाईंनी एकोणीस पाठ बघितले. गुणांच्या प्रत्येक तक्त्याच्या मागं त्यांनी दोन-दोन कोरे कागद टाचले, आणि त्यावर वर्गातल्या एकेका पोराचं नाव घालून त्या चाळीस मिनिटांत ते काय करत होतं ते लिहिलं. महिन्यानं त्या तक्त्यांचा गठ्ठा संस्थेच्या कचेरीतून परत आला. सोबत चिठ्ठी : ‘विहित नमुन्याव्यतिरिक्त जादा कागद जोडू नयेत.’ बाईंनी चिठ्ठी काढून बाजूला ठेवली, कागद नीट टाचले आहेत की नाही ते एकदा तपासलं, आणि गठ्ठा जसाच्या तसा परत पाठवून दिला. पुढच्या वर्षी त्यांनी दोनाऐवजी तीन कागद जोडले.